गोळ्या दोघांच्या लागतात

खुपऱ्या हा शब्द आताच्या पोरांना माहीतही नसेल, पण आमच्या आज्जीच्या पिढीत खुपऱ्या झालेलं कुणी ना कुणी प्रत्येक आळीत असायचं. पापणी आतून खरखरीत व्हायची, वर्षानुवर्षं चिघळायची, मग पापणीचे केस आत वळून बुबुळाला घासायचे आणि शेवटी नजर जायची. 1963 पासून सरकारने यावर राष्ट्रीय कार्यक्रम चालवला, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं की भारतात खुपऱ्या हा आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिलेला नाही. खूप मोठी गोष्ट आहे ही, आणि ती करताना कुठल्या बाईला कुणी विचारलं नाही की तुला खुपऱ्या झाल्याच कशा, तू कुठे गेली होतीस.

या खुपऱ्या ज्या जंतूमुळे होतात त्याचं नाव क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस. त्याच जंतूचे दुसरे काही उपप्रकार जननमार्गात राहतात आणि शरीरसंबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातात. जंतू तोच, अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दोन्हीकडे चालतं, पण डोळ्याऐवजी ओटीपोटाचा विषय आला की सगळं कुजबुजीत जातं. जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 चा अंदाज आहे की 15 ते 49 वयाच्या जवळपास 12.9 कोटी लोकांना जगभरात त्या एका वर्षात क्लॅमिडिया नव्याने झाला. बॅक्टेरियामुळे होणाऱ्या आणि शरीरसंबंधातून पसरणाऱ्या आजारांत हा सगळ्यात पुढे आहे, परमा (गोनोरिया) आणि गरमी (सिफिलिस) यांच्याही पुढे, आणि तरी ती दोन नावं आपल्याकडे जुन्या माणसांना माहीत असतात, क्लॅमिडिया मात्र शिकलेल्या घरातही कुणी ऐकलेला नसतो.

माझं मेडिकल आहे, तालुक्याच्या गावी. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, पण डॉक्टरकडून निघालेला कागद शेवटी माझ्याच काउंटरवर येतो, आणि इतकी वर्षं ते कागद वाचून माझं एक मत पक्कं झालंय. हा आजार एका माणसाचा नसतो, जोडप्याचा असतो, आणि आपलं सगळं काही, म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी, दवाखान्यातलं किट, कोर्टातला कायदा आणि घरची माणसं, हे सगळे तो एकट्या बाईचा आजार समजून चालतात. म्हणून तो परत परत होतो.

आधी आजार कसा चालतो ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. हा बॅक्टेरिया आपल्या पेशीच्या आत शिरूनच वाढू शकतो, बाहेर नाही. आत वाढतो, दोन-तीन दिवसांत पेशी फुटते आणि शेजारच्या पेशी धरतो, आणि हे सगळं इतकं गुपचूप चालतं की दहातल्या सात-आठ बायकांना काहीही जाणवत नाही, निम्म्याहून जास्त पुरुषांनाही नाही. ज्यांना जाणवतं त्यांना लघवीला जळजळ, थोडा स्राव, संबंधानंतर रक्ताचा डाग, ओटीपोटात दुखणं, पुरुषांना कधी अंडकोष सुजणं. आता जळजळ म्हटली की आपल्याकडे पहिलं वाक्य काय, उन्हाळी लागलीय, धन्याजिऱ्याचं पाणी पी, सब्जा खा. ते पिऊन दोन दिवसांत जळजळ कमी होते सुद्धा, कारण या आजाराची लक्षणं आपोआप येतात-जातात, आणि माणसाला वाटतं बरं झालं. कुणी लॅबमध्ये गेलंच तर युरीन कल्चर करतात, आणि हा जंतू नेहमीच्या कल्चर प्लेटवर वाढतच नाही, त्याला जिवंत पेशी लागते, त्यामुळे रिपोर्ट येतो नो ग्रोथ. लघवीच्या रुटीन तपासणीत पस सेल्स, म्हणजे पूपेशी, भरपूर आणि कल्चरमध्ये काहीच नाही असे दोन कागद घेऊन लोक येतात आणि विचारतात, म्हणजे इन्फेक्शन नाही ना? इन्फेक्शन असू शकतं, ते शोधायची टेस्ट वेगळी आहे. रक्तातल्या अँटिबॉडीची टेस्ट पण काही ठिकाणी करून देतात, तिच्यावरून आत्ता जंतू आहे की नाही ते कळत नाही, ते पैसे वाया.

औषध नाही केलं तर साधारण 10 ते 15 टक्के बायकांमध्ये इन्फेक्शन वर चढून गर्भाशय आणि नळ्यांना सूज येते. ती सूज बसताना नळ्यांच्या आत व्रण सोडते. मग दिवस राहत नाहीत, किंवा राहिले तर नळीत राहतात आणि जीवावर बेतू शकतं. जे नळ्यांच्या बाबतीत होतं ते कळतं कधी, तर लग्नाला चार वर्षं झाली, देवदेव झाले, मग कुणीतरी एचएसजी, म्हणजे नळ्यांमध्ये डाय सोडून त्या मोकळ्या आहेत का ते बघणारा एक्स-रे, करायला सांगतं आणि रिपोर्टवर येतं दोन्ही ट्यूब ब्लॉक. आपल्याकडे नळ्या बंद होण्याचं टीबी हेही मोठं कारण आहे, सगळं क्लॅमिडियावर ढकलता येणार नाही, पण जिथे कारण क्लॅमिडिया होतं तिथे सात दिवसांच्या गोळ्यांनी वाचली असती अशी गोष्ट लाख-दीड लाखांच्या आयव्हीएफवर जाते आणि घरात दोष तिच्याच माथी येतो.

आणि औषध काय आहे? डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. साधं जेनेरिक घेतलं तर शंभर रुपयांच्या आत एका माणसाचा कोर्स होतो. गरोदर बाईला डॉक्सी देत नाहीत, तिला अझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम एकदाच. इतकं साधं. पण अट एक आहे, जोडीदाराने पण घ्यायचं आणि दोघांचं औषध संपेपर्यंत संबंध ठेवायचा नाही. नाहीतर ती बरी होते आणि आठवड्याभरात त्याच्याकडून परत घेते. क्लॅमिडिया एकदा झाला म्हणून पुढे संरक्षण मिळत नाही, शंभर वेळा होऊ शकतो, आणि प्रत्येक वेळी नळ्यांचं नुकसान वाढत जातं.

आता माझ्या काउंटरवर काय होतं ते बघा. एखादी वहिनी येते. दुकानात दोन-तीन गिऱ्हाईकं असली तर आधी क्रोसिनची पट्टी मागते, सुट्टे पैसे मोजत रेंगाळते, दुकान रिकामं झालं की पर्समधून घडी घातलेली चिठ्ठी पुढे सरकवते. चिठ्ठीवर पांढरं जाण्यासाठी चार गोळ्यांचं ते तयार किट लिहिलेलं असतं, एक फ्लुकोनाझोल, एक अझिथ्रोमायसिन, दोन सेक्निडाझोल, म्हणजे बुरशी असो, क्लॅमिडिया असो, दुसरं काही असो, सगळ्याला एकदाच. तपासणीच्या टेबलावर घेतलं होतं का विचारलं तर नाही म्हणते, नुसतं विचारून लिहून दिलं. मी विचारते, "वहिनी, भाऊंसाठी पण लिहून दिलंय का काही?" तर म्हणते, "ह्यांना कुठे काय होतंय?" मी आवाज खाली ठेवून सांगते की त्यांना काही होत नसलं तरी त्यांच्यात असू शकतं, तुम्ही परत जाऊन डॉक्टरांना विचारा. मान हलवते, जात नाही. दोन-तीन महिन्यांनी परत तीच वहिनी, तेच किट.

पुरुष येतात ते वेगळ्याच घाईत. चिठ्ठी नसते, मोबाईलवर मित्राने पाठवलेला औषधाचा फोटो असतो. सेफिक्झिम, म्हणजे परम्यावर देतात ते अँटिबायोटिक, मागतात. ते शेड्यूल एच-1 मधलं औषध आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही आणि दिलं की रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या हे लिहायचं असा नियम आहे, 2014 पासून. नाव लिहायचं म्हटलं की माणूस उलट्या पावली जातो, पुढच्या दुकानात. तो निघून जातो, दोन गोळ्या कुठूनतरी खातो, त्रास थांबतो, आणि घरी बायकोला याचा पत्ताही नसतो. नियम बरोबर आहे, अँटिबायोटिक अशी वाटत सुटलो तर परम्याचा जंतू उरलीसुरली औषधंही पचवेल, सिप्रोफ्लॉक्सासिन तर त्याच्यावर केव्हाच निकामी झालंय. पण नुसता नियम असून चालत नाही, नाव न विचारता तपासणारी जागा गावात असायला हवी, आणि ती आहे हे माणसाला माहीत असायला हवं.

तशी जागा कागदावर आहे. सरकारची सुरक्षा क्लिनिक आहेत, जिल्हा रुग्णालयात असतातच, तिथे रंगांचे सात किट मिळतात, फुकट. लघवीच्या जागेतून स्राव असेल तर ग्रे किट, अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. पांढरं जात असेल तर हिरवं. ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं. लक्षण बघायचं, रंग ठरवायचा, लगेच औषध द्यायचं, लॅबची वाट बघायची नाही. ही पद्धत गरीब देशांसाठी विचार करून बनवलेली आहे आणि पुरुषांच्या स्रावासाठी ती चांगली चालते, हे मान्य करायला पाहिजे, कारण रिपोर्ट येईपर्यंत माणूस परत येत नाही. पण बायकांच्या बाबतीत ती दोन्हीकडून चुकते. पांढरं जाणं हे बहुतेक वेळा शरीरसंबंधातून आलेलं नसतंच, पाळीच्या आधीमधी तर ते नॉर्मल असतं, नाहीतर बुरशी असते, मग अशा बाईला उगाच गुप्तरोगाचा शिक्का बसतो. आणि जिला खरंच क्लॅमिडिया आहे तिला काही लक्षणच नसतं, ती क्लिनिकला येणारच कशाला. लक्षणांवर चालणारी पद्धत लक्षणं नसलेला आजार पकडू शकत नाही, यात कुणाचा हलगर्जीपणा नाही, पद्धतीचीच ती मर्यादा आहे.

आणि बायका बोलत नाहीत म्हणजे आजार नाही असं धरून चालणं किती चुकीचं आहे हे महाराष्ट्रानेच जगाला दाखवलं होतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमध्ये 650 बायकांची तपासणी केली, 1989 च्या जानेवारीत तो अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. तक्रार सांगणाऱ्या बायका 55 टक्के, आणि तपासल्यावर आजार सापडलेल्या 92 टक्के. त्यातला निम्मा भार जननमार्गाच्या इन्फेक्शनचा. आणि याआधी आतून तपासणी झालेल्या बायका फक्त 8 टक्के. या आकड्यांनंतर जगभरात बायकांच्या आरोग्याबद्दल बोलण्याची पद्धत बदलली. आपल्याकडे मात्र त्यानंतर तीस वर्षांनी, 2019 मध्ये, बीडच्या ऊसतोड बायकांची चौकशी झाली तेव्हा 82 हजारांहून जास्त बायकांमध्ये 13 हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्या सगळ्यांना इन्फेक्शन होतं असं मी म्हणत नाही, कारणं बरीच होती, मुकादमाची उचल होती, पाळीत खाडा परवडत नव्हता. पण पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय म्हणून गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालून पिशवी काढून टाका सांगितलं गेलं, असं कितीतरी जणींनी सांगितलं. एक साधी तपासणी आणि दोघांना गोळ्या एवढ्यावर ज्यांचं भागलं असतं अशाही त्यात असणार, आणि त्यांची पिशवी आता परत येणार नाही. हे वाचून मला अजूनही झोप लागत नाही असं नाही, पण दुकानात पिवळी पडलेली, चाळिशीच्या आतली, कॅल्शियमच्या गोळ्या मागणारी बाई आली की पोटात कालवतं.

मग टेस्ट करा सगळ्यांच्या, असं म्हणणारे लोक आहेत. अमेरिकेत 25 च्या आतल्या, संबंध येणाऱ्या मुलींची दरवर्षी क्लॅमिडियाची टेस्ट करायला सांगतात. इंग्लंडमध्ये 2003 पासून तरुण मुलं-मुली दोघांसाठी कार्यक्रम होता, 2021 मध्ये त्यांनी रोख बदलला आणि आता मुलींना टेस्ट स्वतःहून विचारतात, कारण नुकसान त्यांचं जास्त होतं. टेस्ट सोपी आहे, पुरुषाची पहिल्या धारेची लघवी, बाईने स्वतः घेतलेला स्वॅब, पुढे पीसीआरसारखी तपासणी. पण आपल्याकडे सरसकट सगळ्यांची टेस्ट करायला मी नाही म्हणेन, आणि याचं कारण हिशोबाचं आहे. समजा 1000 बायकांची टेस्ट केली, त्यातल्या 10 जणींनाच खरा आजार आहे, आणि टेस्ट इतकी चांगली आहे की निरोगी बाईला 99 टक्के वेळा निरोगीच सांगते. तरी उरलेल्या 990 मधल्या दहाएक जणींना चुकून पॉझिटिव्ह येणार. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी जवळपास निम्म्या चुकीच्या. लंडनमध्ये चुकीचा रिपोर्ट आला तर माणूस गोळ्या खातो आणि विसरतो. आपल्याकडे त्या कागदावर माहेरी पाठवलं जातं.

म्हणून टेस्ट तिथे करा जिथे शंकेला जागा आहे आणि बाई तशीही दवाखान्यात आलेली आहे. ओटीपोटात दुखतंय, संबंधानंतर रक्त जातंय, तांबी बसवायची आहे आणि तपासताना सूज दिसतेय, गर्भपातासाठी आलीय, वर्ष झालं तरी दिवस जात नाहीत. शेवटच्या प्रकारात तर एचएसजीच्या आधी ही टेस्ट व्हायलाच हवी, आत जंतू असताना नळ्यांमध्ये डाय सोडला तर इन्फेक्शन वर ढकललं जाऊ शकतं. मशीन नाही हे कारण आता चालणार नाही. टीबीसाठी जिल्ह्याजिल्ह्यात सीबीनॅट मशीन बसलेली आहेत, त्याच मशीनवर क्लॅमिडिया आणि परम्याची एकत्र टेस्ट करणारं कार्ट्रिज मिळतं, दीड तासात उत्तर येतं. कार्ट्रिज महाग आहे, खरंय, पण वर सांगितलेल्या बायकाच निवडल्या तर तालुक्याला महिन्याकाठी किती लागणार आहेत?

यापेक्षा अवघड भाग रिपोर्ट सांगण्याचा आहे. पॉझिटिव्ह आला की घरात पहिला प्रश्न पडतो, कुणी आणलं. आणि हे प्रत्येक डॉक्टरने, प्रत्येक समुपदेशकाने, रिपोर्ट हातात देण्याच्या आधी सांगायला पाहिजे की ही टेस्ट त्या प्रश्नाचं उत्तर देऊच शकत नाही. जंतू महिनोन्महिने, वर्षभराहूनही जास्त, काही लक्षण न देता राहू शकतो. तिला आधी त्रास झाला म्हणून तिच्यापासून सुरू झालं असं होत नाही. तिचा पॉझिटिव्ह आणि त्याचा निगेटिव्ह आला तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही, त्याने मधल्या काळात घसादुखीसाठी अझिथ्रोमायसिन खाल्लेलं असेल आणि त्यात त्याचं इन्फेक्शन गेलंही असेल. संडासाच्या सीटवरून किंवा टॉवेलवरून हा लागत नाही हेही खरं, त्यामुळे खोटं समाधानही देऊ नये. संबंधातून आला, केव्हा आला ते माहीत नाही, आता दोघांनी औषध घ्या. एवढंच खरं आहे आणि एवढंच सांगावं.

कायदा मात्र अजून कुणी आणलं यातच अडकलाय. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये संसर्गजन्य गुप्तरोग हे घटस्फोटाचं कारण आहे, विशेष विवाह कायद्यातही आहे. कुष्ठरोग पण त्याच यादीत होता, तो 2019 मध्ये काढला, कारण औषधांनी पूर्ण बरा होतो. मग सात दिवसांत बरा होणारा आजार यादीत का राहिला? फसवणूक झाली असेल तर त्याला व्यभिचार, क्रौर्य अशी वेगळी कारणं कायद्यात आहेतच. आजाराचं नाव यादीत असण्याचा परिणाम एकच होतो, माणसं टेस्ट टाळतात, कारण उद्या तो कागद कोर्टात जाईल.

आणि आता माझी मुख्य मागणी. जोडीदारावर उपचार करा हे सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलेलं आहे, पण व्यवहारात त्याचा अर्थ होतो "नवऱ्याला घेऊन या", आणि नवरा येत नाही. रोजंदारी बुडते, तो भिवंडीला किंवा सुरतला असतो, किंवा त्याला वाटतं मला काय झालंय. अमेरिकेत 2006 पासून डॉक्टरांना पर्याय दिलाय की पेशंटच्या हातात जोडीदाराच्याही गोळ्या किंवा चिठ्ठी द्या, जोडीदाराला न तपासता. आपल्याकडे हे करायचं तर फार्मासिस्टने न पाहिलेल्या, न तपासलेल्या माणसासाठी शेड्यूल एच मधलं औषध द्यायचं, आणि त्याला आज कुठलीच स्पष्ट परवानगी नाही. ती हवी. क्लॅमिडियाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर एकाच चिठ्ठीवर दोघांचा कोर्स लिहिता येईल आणि मला तो देता येईल, असं आरोग्य खात्याने आणि औषध प्रशासनाने मिळून लेखी द्यावं.

यावर आक्षेप आहेत आणि ते फालतू नाहीत. नवऱ्याला औषधाची ॲलर्जी असली तर? डॉक्सीच्या बाबतीत ती कमी दिसते, आणि पाकिटासोबत मराठीत छापलेला कागद देता येतो, कुणी घेऊ नये, भरपूर पाण्यासोबत घ्या, घेतल्यावर लगेच आडवं होऊ नका, दुधासोबत किंवा ॲसिडिटीच्या औषधासोबत घेऊ नका. त्याची एचआयव्हीची आणि गरमीची (व्हीडीआरएल) टेस्ट राहून जाईल? हो, राहील, पण आज तो येतच नाही म्हणजे ती आजही होत नाहीये, त्या कागदावर सुरक्षा क्लिनिकचा पत्ता तरी जाईल. सगळ्यात गंभीर आक्षेप वेगळा आहे, गोळ्या घेऊन घरी गेलेल्या बाईला मारहाण झाली तर? याचं उत्तर गोळ्या न देणं हे नाही, निर्णय तिच्यावर सोडणं हे आहे. तिला एकटीला बसवून विचारा, घरी सांगू शकाल का? नाही म्हणाली तर दवाखान्यातून त्याला दुसऱ्या निमित्ताने बोलावता येतं, शुगर-बीपीच्या तपासणीचं निमित्त चालतं. हो म्हणाली तर दोन पाकिटं द्या. बहुतेक बायकांना आपला नवरा कसा आहे ते आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

लग्न न झालेल्या मुलामुलींचं काय, हे राहिलंच. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यांमध्ये मैत्री क्लिनिक आहेत, पण तिथे गेल्यावर लग्न झालंय का हा पहिला प्रश्न आला की पोरगी परत पाऊल टाकत नाही आणि नेटवर शोधून माझ्याकडे येते, किंवा माझ्याकडेही येत नाही, ऑनलाईन मागवते. केस पेपरवर तो प्रश्न नसला तरी तपासणीत काही अडत नाही. संबंध आलाय का, कंडोम वापरला का, दुखतंय कुठे, एवढं विचारलं की पुरतं.

आणि औषध झाल्यावर तीन महिन्यांनी परत एक टेस्ट, दोघांची. ही तारीख चिठ्ठीवरच लिहून द्यायला हवी. लगेच पुढच्या आठवड्यात केली तर मेलेल्या जंतूंचे अंश सापडून उगाच पॉझिटिव्ह येतो आणि घरात परत रामायण सुरू होतं, म्हणून घाई नको; तीन महिन्यांनी बघायचं ते परत लागण झाली नाही ना.